दोन सॅक, दोघं: सोलापूर ते अंदमान, चेन्नई आणि कोलकात्यासह. सहल शेवटाकडून कशी आखायची

अंदमानला निघणारी बहुतेक जोडपी सहल सोलापूर स्टेशनपासून आखायला घेतात. आधी रेल्वेचं तिकीट, मग विमान, मग ऑफर बघून हॉटेल, आणि बोटीचं ‘तिथे गेल्यावर बघू’. मग बोट मिळत नाही, हॉटेलचे पैसे परत मिळत नाहीत आणि परतीचं विमान कोणासाठी थांबत नाही. या सगळ्या प्रवासात सर्वांत बेभरवशाचा टप्पा म्हणजे दोन बेटांमधली बोट. म्हणून आखणी तिथून सुरू करायची आणि उलट्या दिशेने सोलापूरपर्यंत यायचं. खालचे टप्पे त्याच क्रमाने दिले आहेत. क्रम बदलू नका.

टप्पा १: तारखा

जानेवारीचा उत्तरार्ध ते एप्रिलचा मध्य हा काळ धरा. नैर्ऋत्य मोसमी पाऊस देशात सर्वांत आधी अंदमानला पोहोचतो, साधारण मेच्या मध्यानंतर. नोव्हेंबर-डिसेंबरात बंगालच्या उपसागरात वादळं होतात आणि समुद्र खवळला की बोटी बंद राहतात. मेमध्ये शाळांना सुट्टी असते म्हणून तेव्हाच जायचं, हा हिशोब इथे महागात पडतो.

सोलापूरकरांसाठी आणखी एक गोष्ट. संक्रांतीला सिद्धेश्वराची गड्डा यात्रा असते. त्या आठवड्यात सोलापूरला येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांना गर्दी असते आणि घरीही पाहुणे असतात. यात्रा आटोपून निघालेलं बरं.

एकूण १२ रात्री मोकळ्या हव्यात. दहात कोंबायचंच असेल तर शहरांतल्या रात्री कमी करा. बेटांवरची राखीव रात्र कापू नका.

१. संध्याकाळी किंवा रात्री सोलापूरहून गाडी.
२. चेन्नई, दोन रात्री.
३. सकाळच्या विमानाने श्री विजयपुरम (आधीचं पोर्ट ब्लेअर), एक रात्र.
४. बोटीने स्वराज द्वीप (हॅवलॉक), तीन रात्री.
५. बोटीने शहीद द्वीप (नील), एक रात्र.
६. बोटीने परत श्री विजयपुरम, दोन रात्री. यातली एक राखीव.
७. विमानाने कोलकाता, दोन रात्री.
८. विमानाने हैदराबाद किंवा पुणे, तिथून सोलापूर.

सप्टेंबर २०२४ मध्ये पोर्ट ब्लेअरचं आणि त्याआधी डिसेंबर २०१८ मध्ये हॅवलॉक-नीलचं नाव बदललं, पण बुकिंगच्या पानांवर, हॉटेलांच्या पत्त्यांत आणि रिक्षावाल्यांच्या तोंडी जुनी नावं सर्रास चालतात. दोन्ही लक्षात ठेवा.

टप्पा २: बुकिंगचा क्रम

१. श्री विजयपुरमहून *बाहेर पडण्याचं* विमान. आधी हे, कारण बाकी सगळं याला बांधलेलं आहे.
२. चेन्नईहून आत जाणारं विमान. सव्वादोन तासांच्या आसपासचा प्रवास आहे.
३. तिन्ही बोटी: श्री विजयपुरम–स्वराज, स्वराज–शहीद, शहीद–श्री विजयपुरम.
४. बोटी पक्क्या झाल्यावर बेटांवरचा मुक्काम.
५. सोलापूर–चेन्नई रेल्वे.
६. शहरांतले मुक्काम सगळ्यात शेवटी. तिथे खोल्यांना तोटा नाही.

खासगी वेगवान बोटींची तिकिटं बरीच आधी ऑनलाइन मिळतात. सरकारी बोट पुष्कळ स्वस्त असते, पण तिची तिकिटं प्रवासाच्या काही दिवस आधीच खुली होतात आणि स्थानिकांना प्राधान्य असतं. ते योग्यच आहे, त्यांची ती एसटी आहे. पहिल्यांदा जाणाऱ्या जोडप्याने निदान परतीची बोट खासगी आणि आगाऊ घ्यावी. बोटी एकाच धक्क्यावरून सुटत नाहीत. सरकारी बोटी फिनिक्स बे जेट्टीवरून सुटतात, खासगी बहुधा हॅडो धक्क्यावरून. तिकिटावर धक्क्याचं नाव वाचा आणि तेच रिक्षावाल्याला सांगा.

> सावधान: दुपारी बोटीने परत येऊन त्याच संध्याकाळचं विमान, ही सगळ्यात महागडी चूक. बोट रद्द झाली तर बोटीचे पैसे परत मिळतात, चुकलेल्या विमानाचे नाही. परतीची बोट आणि विमान यांच्यामध्ये एक पूर्ण दिवस मोकळा हवाच.

रेल्वेचं आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून १२० ऐवजी ६० दिवस आधी खुलं होतं. विमान त्याच्याही आधी काढलेलं असेल, तर साठाव्या दिवसाचा गजर मोबाईलमध्ये आत्ताच लावून ठेवा. मुंबईकडून चेन्नईला जाणाऱ्या गाड्या सोलापूरला वाटेत थांबतात, काही अवेळी. ‘शुक्रवारी रात्री साडेबाराची गाडी’ म्हणजे तिकिटावर शनिवार. या एका तारखेपायी आरक्षण असूनही गाडी आदल्या दिवशी निघून गेलेली असते. मध्यरात्रीनंतरच्या गाडीचं तिकीट काढताना तारीख दोघांनीही एकदा मोठ्याने वाचा.

वाडी, रायचूर, गुंतकल, रेणिगुंटा करत गाडी चेन्नईला पोहोचते. काही गाड्या सेंट्रलला जातात, काही एग्मोरला. खोली घेण्याआधी आपली कुठे जाते ते बघा. गाडी उशिरा धावू शकते, म्हणून उतरल्या दिवशीच विमान ठेवायचं नाही.

तपासा: टप्पा १ मधल्या यादीतले प्रवासाचे आठही टप्पे एका कागदावर लिहा. प्रत्येक टप्प्यापुढे ‘हा सहा तास उशिरा झाला तर पुढचं काय बुडेल?’ याचं उत्तर लिहा. उत्तर ‘विमान’ असेल तिथे एक रात्र वाढवा.

टप्पा ३: नावं आणि कागद

आपल्याकडे लग्नानंतर बायकोची कागदपत्रं बऱ्याचदा अर्धी माहेरच्या नावाची आणि अर्धी सासरच्या नावाची असतात. विमानाचं तिकीट मोबाईलमधल्या जुन्या प्रोफाइलवरून निघतं, आधार मात्र नवीन नावाचं, आणि प्रवेशद्वारावर अडवतात. तिकीट काढताना जे ओळखपत्र सोबत नेणार तेच समोर ठेवून अक्षरन् अक्षर जुळवा. मधलं नाव नसलं तर सहसा चालतं, आडनाव वेगळं चालत नाही.

- दोघांचंही आधार, शिवाय मतदार ओळखपत्र किंवा वाहन परवाना. पॅन कार्डावर पत्ता नसतो, म्हणून लॉजवाले ते घेत नाहीत.
- दुचाकी भाड्याने घ्यायची असेल तर मूळ परवाना. दोघांकडेही असेल तर उत्तम.
- प्रत्येक कागदाची झेरॉक्स *दुसऱ्याच्या* सॅकमध्ये.

ही तीन बेटं बघायला भारतीय नागरिकांना परवाना लागत नाही. आदिवासी राखीव क्षेत्रांत मात्र जायचं नाही. जारवांचे फोटो काढणं किंवा त्यांच्यासाठी गाडी थांबवणं हा गुन्हा आहे, मग ड्रायव्हर काहीही म्हणो.

लग्न झालेलं नसेल तरी दोन सज्ञान माणसांनी एका खोलीत राहण्यावर कायद्याची बंदी नाही. पण काही लॉजचे स्वतःचे नियम असतात. रात्री अकराला काउंटरवर वाद घालण्यापेक्षा बुकिंगआधी फोन करून स्पष्ट विचारा.

टप्पा ४: सॅक भरणे

दोघांना दोन सॅक, प्रत्येकी ४० लिटरची. चाकांची बॅग धक्क्यावरच्या फळीवर आणि वाळूत निरुपयोगी. साठ लिटरची सॅकही घेऊ नका. जागा असली की माणूस भरतोच.

प्रत्येकी ७ किलो हे लक्ष्य ठेवा. देशांतर्गत विमानांत केबिनमध्ये साधारण तेवढंच चालतं. हिशोब असा:

- रिकामी सॅक: दीड किलो
- कपडे: अडीच किलो
- एक जोडी पट्ट्याची सँडल: पाऊण किलो
- औषधं, साबण, दंतमंजन वगैरे: पाऊण किलो
- चार्जर, पॉवर बँक, टॉर्च: पाऊण किलो
- रिकामी पाण्याची बाटली: पाव किलो
- सटरफटर: अर्धा किलो

कपडे म्हणजे तीन टी-शर्ट, उन्हासाठी एक पूर्ण बाह्यांचा, दोन पातळ पँट, पाण्यात घालायचा एक जोड, चार अंतर्वस्त्रं, एक रेनकोट. दर दुसऱ्या दिवशी धुवायचं. जीन्स नको, दमट हवेत ती दोन दिवस वाळत नाही. आणि हो, सोलापुरी टॉवेल घरीच ठेवा. जाड टेरीचा आपला टॉवेल पाणी मस्त शोषतो, पण खाऱ्या दमट हवेत तो वाळतच नाही आणि दुसऱ्या दिवशी सगळ्या सॅकला कुबट वास लागतो. बाजारातले दोन साधे पंचे घ्या. चादरीचीही गरज नाही.

भरण्याची पद्धत:

१. आत आधी कचऱ्याची मोठी काळी पिशवी अंथरा. सॅकवरचं रेनकव्हर पाठीकडून येणारं पाणी अडवत नाही.
२. तळाला कपडे, जड वस्तू मधोमध पाठीला लागून, रेनकोट वरच.
३. प्रत्येकाचा एक पूर्ण जोड दुसऱ्याच्या सॅकमध्ये. एक सॅक विमानात हरवली तरी दोघांकडेही उद्याचे कपडे राहतात. ‘तुझी सॅक, माझी सॅक’ अशी काटेकोर वाटणी करणारे इथेच अडकतात.
४. एक सॅक चेक-इनला, एक केबिनमध्ये. छोटी कात्री, चाकू आणि शेंगाची चटणी चेक-इनमध्ये टाका. मिरची असलेली पूड सुरक्षा तपासणीत हातातल्या सामानातून काढून घेतली जाते. पॉवर बँक याच्या उलट, ती केबिनमध्येच. २०,००० एमएएचची पॉवर बँक ७४ वॅट-तासांची होते आणि मर्यादा १०० ची आहे.
५. औषधं, कागद, दागिने चेक-इनमध्ये कधीच नाही.

कडक भाकरी नेणार असाल तर डब्यात. पिशवीत नेली तर चेन्नईला चुरा पोहोचतो.

तपासा: निघण्याच्या आठवडाभर आधी भरलेली सॅक पाठीवर घेऊन तासभर चाला आणि शेवटी रेल्वेचा जिना दोनदा चढा-उतरा. कंबरपट्टा कंबरेच्या हाडांवर बसला पाहिजे. वजन खांद्यांवर येत असेल तर पट्टा खाली सरकला आहे. त्या तासाभरात जी वस्तू ‘असू दे’ वाटली ती काढून टाका. मोबाईलची वॉटरप्रूफ पिशवीही घरीच तपासा: आत टिश्यू पेपर ठेवा, पंधरा मिनिटं बादलीत बुडवा. कागद ओला झाला तर पिशवी बदला.

टप्पा ५: दोघांत कामाची वाटणी

एकाने वाहतूक सांभाळायची (तिकिटं, वेळा, धक्के), दुसऱ्याने मुक्काम आणि पैसे. दोघंही सगळंच बघत असले की ‘मला वाटलं तू केलंस’ होतं.

पैशांसाठी एक सामाईक पाकीट ठेवा, रोज सकाळी त्यात दिवसाचे पैसे टाका. त्याखेरीज दोघांकडे वेगवेगळ्या बँकांची कार्डं आणि वेगवेगळ्या कंपन्यांची सिम हवीत. चेन्नई–अंदमान समुद्राखालची केबल ऑगस्ट २०२० मध्ये सुरू झाल्यापासून नेटवर्क खूप सुधारलं आहे, तरी छोट्या बेटांवर ते मधेच जातं आणि त्यासोबत यूपीआयही. एटीएम तिथे मोजकीच. दोन्ही बेटांवरच्या चार रात्रींचा खर्च श्री विजयपुरमलाच रोख काढा आणि दोन सॅकमध्ये विभागा.

शहरातल्या लोकल-मेट्रोसाठी एक नियम आधीच ठरवा: एक चढला आणि दुसरा राहिला, तर चढणाऱ्याने पुढच्याच स्टेशनवर उतरून तिथेच थांबायचं, राहिलेल्याने पुढच्या गाडीने यायचं. दोघंही एकमेकांना शोधायला निघाले की तास जातो.

आणखी एक: दुपारी एक ते चार, उपाशी पोटी, कोणताही निर्णय घ्यायचा नाही. हा नियम थट्टेचा वाटतो. तिसऱ्या दिवशी वाटणार नाही.

टप्पा ६: चेन्नई

एग्मोर किंवा ट्रिप्लिकेनला राहा. एग्मोरहून तिरुसुलमला थेट लोकल जाते आणि ते स्टेशन विमानतळासमोरच आहे. सेंट्रलहून विमानतळापर्यंत मेट्रोची निळी लाईन आहे. पहाटेचं विमान असेल तर पहिली गाडी किती वाजता आहे ते आदल्या रात्री बघा. विमान तिच्याआधीचं असेल तर रिक्षा रात्रीच सांगून ठेवा.

एग्मोरचं सरकारी संग्रहालय शुक्रवारी बंद असतं. मरीना किनाऱ्यावर फिरा, पाण्यात उतरू नका. तिथला प्रवाह ओढून नेतो आणि माणसं बुडतात.

‘आम्ही सोलापूरचे, आम्हाला उन्हाचं काय’ हा गैरसमज चेन्नईतच उतरतो. आपलं ऊन कोरडं, घाम लगेच वाळतो आणि अंग गार होतं. इथे हवाच ओली असल्याने घाम वाळत नाही, शरीर तापत राहतं आणि पाणी-मीठ निघून जातं. पारा चाळिशीच्या खाली असूनही चक्कर येते ती यामुळे. माणशी रोज ओआरएसचं एक पाकीट हाताशी ठेवा. अकरा ते तीन सावलीत.

टप्पा ७: बोट आणि बेटं

श्री विजयपुरमला उतरल्या दिवशीच सेल्युलर जेल उरका. सोमवारी आणि राष्ट्रीय सुट्ट्यांना ते बंद असतं, म्हणून विमानाचा वार ठरवताना हे बघायला हवं होतं. (टप्पा २ वर परत जा, अजून वेळ असेल तर.)

बोटीच्या दिवशी:

१. सुटण्याच्या तासभर आधी धक्क्यावर हजर, ओळखपत्र हातात.
२. ज्यांना घाटात गाडी लागते त्यांना बोट लागतेच. डॉक्टरांना विचारून गोळी घ्या, निघण्याच्या अर्धा ते एक तास आधी. उलटी सुरू झाल्यावर घेतलेली गोळी पोटात राहत नाही.
३. पोट रिकामं नको, तेलकट-तिखटही नको. कडक भाकरीचे दोन कोरडे तुकडे उत्तम.
४. जागा मधली किंवा मागची, खालच्या मजल्यावर. नजर क्षितिजावर, मोबाईलवर नाही.

> सावधान: या गोळ्यांनी झोप येते. ज्याने गोळी घेतली त्याने उतरल्यावर स्कूटर चालवायची नाही.

धक्क्यावर उतरल्या उतरल्या पुढच्या बोटीची वेळ खिडकीवर पुन्हा विचारून घ्या. हवामानामुळे वेळा बदलतात आणि मेसेज उशिरा येतो.

स्वराज द्वीपावर स्कूटर घेताना तिचा चारही बाजूंनी व्हिडिओ काढा, ब्रेक आणि दिवा तपासा, हेल्मेट दोन मागा. दिवा महत्त्वाचा, कारण इथे लवकर अंधारतं. सोलापूर सुमारे ७५.९ पूर्व रेखांशावर, हे बेटसमूह ९३ च्या जवळ. दर अंशाला चार मिनिटं धरली तर सूर्य तिथे आपल्यापेक्षा तासाहून अधिक आधी उगवतो आणि मावळतो, घड्याळ मात्र तेच. जानेवारीअखेर साडेपाचपर्यंत सूर्यास्त होऊन जातो. राधानगर किनाऱ्यावर ‘सहाला पोहोचू’ म्हणणाऱ्यांना काळोख दिसतो. चारला तिथे असा. दिवसच पहाटे पाचला सुरू करा.

शहीद द्वीपाला सायकल पुरते. तिथली खडकाची नैसर्गिक कमान भरतीत बघता येत नाही, ओहोटीलाच जायचं. ओहोटीची वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते, म्हणून कालची वेळ आज धरू नका. मुक्कामाच्या ठिकाणी विचारा. खडक निसरडे आहेत, पट्ट्याची सँडल हवी.

टप्पा ८: पाण्यात उतरताना

पोहायला न येणाऱ्यांनाही प्रशिक्षकासोबत स्कूबा करता येतं, १२ मीटरपर्यंत. पण अटी पाळायच्या:

- दमा, हृदयविकार, फिट्स, कानाचं दुखणं, गर्भारपण यांतलं काहीही असेल तर आधी डॉक्टर. फॉर्मवर ‘नाही’ लिहून मोकळं व्हायचं नाही.
- सर्दी असेल तर त्या दिवशी उतरू नका. नाक चोंदलं असेल तर कानातला दाब मोकळा होत नाही.
- खाली जाताना दर मीटरला, दुखायच्या *आधी*, नाक धरून हळूच हवा कानांकडे ढकला. दुखायला लागलं तर थांबा, थोडं वर या.
- श्वास कधीही रोखू नका. वर येताना फुप्फुसातली हवा फुगते.
- डाइव्ह आणि विमान यांत किमान १८ तास, शक्यतो २४. वरच्या वेळापत्रकात डाइव्ह स्वराज द्वीपाच्या दुसऱ्या दिवशी बसतं. शेवटच्या दिवसासाठी ठेवू नका.

या बेटांवर खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत. जाळी आणि खुणा लावलेल्या भागातच, जीवरक्षक असतानाच पोहा. कांदळवन आणि खाडीच्या तोंडाशी अजिबात नाही. किनाऱ्यावरच्या वाळूमाश्या चावतात. संध्याकाळी पाय झाकून बसा आणि खाजवू नका, जखमा चिघळतात. प्रवाळाने खरचटलं तर स्वच्छ पाण्याने चोळून धुवा, आतले कण काढा, औषध लावा आणि भरेपर्यंत समुद्रात जाऊ नका.

शंख-प्रवाळ उचलून आणू नका. प्रवाळाला वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे आणि सामानात सापडलं तर प्रकरण होतं. घरच्यांना द्यायला काहीतरी हवंच असेल तर बाजारातून पावतीसह घ्या.

टप्पा ९: राखीव दिवस, कोलकाता, परत

राखीव दिवशी बोट वेळेवर आली असेल तर जवळचं नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप (रॉस) बघा. त्याच दिवशी सगळे कपडे धुऊन वाळवा. ओले कपडे घेऊन विमानात बसलात तर कोलकात्यात पहिली सकाळ लाँड्री शोधण्यात जाते.

कोलकात्यात सडर स्ट्रीटच्या आसपास राहिलात तर भारतीय संग्रहालय आणि मैदान पायी अंतरावर आहेत. संग्रहालय आणि व्हिक्टोरिया मेमोरियलची दालनं सोमवारी बंद. हावड्याला जाताना एकदा हुगळीखालून मेट्रोने आणि येताना नदीवरच्या फेरीने या. स्वस्तही पडतं आणि पुलावरची गर्दीही टळते.

कोलकात्याहून सोलापूरला येताना हैदराबाद किंवा पुण्याचं विमान घ्या. हैदराबादहून सोलापूर साधारण ३०० किलोमीटर, पुण्याहून अडीचशे. विमान उतरण्याची वेळ आणि गाडी सुटण्याची वेळ यांत किमान चार तास ठेवा. हैदराबादचा विमानतळ शमशाबादला, शहरापासून दूर आहे.

घरी आल्यावर सॅक तशीच माळ्यावर टाकू नका. सगळे कप्पे उलटे करून वाळू झटका, चेन आणि बकल गोड्या पाण्याने धुवा, नाहीतर मिठाने चेन धरते. सावलीत वाळवा. डाइव्हनंतर कान आठवडाभर दडे बसल्यासारखा राहिला तर थेंब न घालता कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जा.